एकट्याचं कापड

उन्नतीनं बडग्याच्या पुतळ्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला आणि कापडाच्या मूठभर गाठी आत, कामट्यांच्या सांगाड्याला लागून, नीट दाबून बसवल्या. वरवर ठेवल्या की मिरवणुकीत नाचवताना पोट फाटतं आणि गाठी रस्त्यावर सांडतात. एका वर्षी झालंच होतं तसं. कुणाच्या तरी मूळव्याधीची गाठ बंदोबस्तावरच्या एका हवालदाराच्या बुटाला अडकून सुटली, आणि ज्याच्याकडून सुटली त्यालाच ती लागली. पुढे कितीतरी दिवस तो बिचारा इतवारीच्या चौकात ड्यूटीला यायचा, पण कुणी बसायला खुर्ची दिली की दोन्ही हात जोडायचा.

"पोट जास्त फुगवू नको वं," चंपतराव शिडीवरून म्हणाले. ते मंडपवाले, गल्लीचा बडग्या दरवर्षी त्यांच्याच हातून उभा राहायचा. आत्ता ते त्याच्या डोळ्यांवर पुठ्ठ्याचा गॉगल चिकटवत होते. "यंदाचा आपला बडग्या मोबाइलवाला आहे. दिवसभर रील पाहते. शेठजी नाही तो, पोट सुटाले."

"हाव," उन्नती म्हणाली.

चंपतरावांनी वाकून खाली पाहिलं. मागच्या वर्षी हीच पोट्टी त्यांच्या बडग्याला नाव ठेवून ठेवून त्यांचं डोकं खात होती. नाक वाकडं आहे, मिशी तुमच्यासारखी झाली आहे, काही ना काही. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. मग त्यांनी खळीच्या डब्यात ब्रश बुडवला आणि गॉगलची दुसरी काडी चिकटवायला घेतली.

आज पोळा होता. उद्या शहरातली सगळी इडापीडा घेऊन मारबतींचे पुतळे निघणार, त्यांच्या मागून गल्लोगल्लीचे बडगे निघणार, आणि मिरवून झालं की सगळे जाळले जाणार. बाकीच्या गल्ल्यांचे बडगे नुसते गवताचे आणि रद्दीचे असतात. या गल्लीच्या बडग्याच्या पोटात काय असतं, ते गल्लीतल्या सगळ्यांना माहीत आहे आणि गल्लीबाहेर कुणी विचारत नाही.

उन्नतीच्या बाबांचं, आनंदरावांचं, इतवारीत भांड्यांचं दुकान. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची मोठी बहीण यमुताई, म्हणजे उन्नतीची आत्या, गाठी बांधत बसते. ज्याचं दुखत असेल त्याचं अंगावरचं कापड आणायचं. यमुताई त्याचा पट्टा फाडते, मुठीत धरून चाचपते, दुखणं बोटांना लागलं की तिथेच आवळून गाठ मारते. इथे गाठ बसली की तिकडे खापरखेड्याच्या कॉलनीत बसलेल्या बाईचा गुडघा दुखायचा थांबतो. गाठी वर्षभर एका पितळी गुंडात, पाण्याच्या मोठ्या भांड्यात, साठतात आणि पोळ्याच्या दिवशी बडग्याच्या पोटात जातात. हे देणं घरातल्या एकाच पोरीच्या हातात उतरतं. आत्यानंतर ते उन्नतीच्या हातात आलं होतं, सातवीत असताना, आणि तेव्हा ती इतकी घाबरली होती की आठवडाभर कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांखालून गेली नव्हती.

आता लोक यमुताईला व्हॉट्सॲपवर कापडाचे फोटो पाठवतात. फोटोला गाठ मारता येत नाही हे समजावता समजावता तिचा अर्धा दिवस जातो.

अटी फक्त दोनच. कापड धुतलेलं नको. आणि कापड एकट्याचं हवं. ही दुसरी अट लोकांना कळत नाही. सक्करदऱ्याची एक बाई नवऱ्याच्या कंबरदुखीसाठी दोघांच्या अंथरुणावरची चादर घेऊन आली आणि विचारल्यावर म्हणाली, त्यांचीच आहे. गाठ बसली. नवऱ्याची कंबर गेली ती गेली, पण बाईचा नवऱ्यावरचा राग पण गेला, आणि तो तिला नको होता घालवायला. एवढ्या वर्षांचा जमवलेला राग! महिनाभरात ती परत आली, भांडून आपली गाठ घेऊन गेली आणि घरी जाऊन स्वतःच्या हातानं उघडली. तिचा राग तिला मिळाला. सोबत नवऱ्याची कंबरपण मिळाली. आज तिची कंबर दुखते, डॉक्टर फोटो काढतात, फोटोत काही निघत नाही. नवरा मजेत आहे.

उन्नतीनं गुंडातून पुन्हा मूठभर गाठी घेतल्या. ही दम्याची. ही सुनेच्या बोलण्याची. ही नोकरी सुटल्याची, आणि ही पोटातल्या खड्याची. बोटं सांगत होती आणि ती ऐकत होती. आधी अशा गाठी हाताळताना तिच्या अंगावर काटा यायचा, एखादी गाठ इतकी जड लागायची की ती खाली ठेवून ओट्यावर जाऊन बसायची. आता फडताळातले डबे ओळखावेत तसं होतं. हे तिखट, हे मीठ.

आणि मग एक करडी गाठ हाताला लागली.

जुन्या टी-शर्टचा पट्टा होता. त्यावर छापलेलं एक अक्षर अर्धं फाटलेलं होतं. बोटांनी लगेच सांगितलं. तिनं गाठ उलटीपालटी केली, पुन्हा मुठीत धरली. बोटं तेच म्हणाली.

ही माझी आहे.

तिला धक्का बसला नाही. बसायला हवा होता हे तिला कळलं. तिनं ती गाठ जीन्सच्या खिशात टाकली, उरलेल्या गाठी पोटात कोंबल्या, वरून गवत लावलं आणि चंपतरावांना सांगितलं, "काका, शिवा आता पोट."

यमुताई खोलीत सुपारी कातरत बसली होती. उन्नतीनं तिच्यासमोर मूठ उघडली.

"आत्या, ही माझी आहे."

अडकित्ता थांबला.

"कोणी सांगतलं तुले?"

"कोणी कायले सांगन?"

यमुताईनं सुपारीची खांडं ताटलीत गोळा केली. मग म्हणाली, "बस."

"उभी ठीक आहे मी."

"तुह्या मायनं आणून देलं कापड. इथंच बसली होती, रडून रडून आवाज बसला होता तिचा. म्हणे, ताई, एक तं गेला, आता दुसरी बी चालली. तू काही खात नव्हती, पीत नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून राहे. डॉक्टर म्हणे सलाइन लावा. मी काय करू, सांग?"

"मले नाही विचारलं."

"विचारलं असतं तं हो म्हटलं असतं का तू?"

"नाही."

"मंग?"

उन्नतीला राग यायला हवा होता. ती थोडा वेळ वाट पाहत उभी राहिली. आला नाही.

तिचा दादा पियूष तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. जून महिन्यात खापरखेड्याहून मित्राकडून येत होता, रस्त्यात ट्रकनं उडवलं. बस. सांगायला गेलं तर एवढंच. त्यानंतर उन्नतीनं त्याचा करडा टी-शर्ट अंगात घातला तो काढलाच नाही. झोपताना तोच, उठल्यावर तोच. पहिल्या दिवशी त्याला लवंगेचा वास होता, मग तो वास गेला. घरातले आंघोळीला चल म्हणायचे आणि ती ऐकायची नाही. मग आषाढात एका सकाळी ती उठली, स्वतः आंघोळ केली आणि तर्री-पोहे मागितले. सगळ्या घराला देव भेटल्यासारखं झालं. पोरगी सावरली, म्हणाले. तिलाही तसंच वाटलं. अकरावीचे क्लास सुरू झाले, ती जायला लागली. टी-शर्ट कुठं गेला हे तिनं कधी विचारलं नाही. आठवलाच नाही.

"कापड तिचंच ना, एकटीचं?" त्या वेळी यमुताईनं उन्नतीच्या आईला विचारलं होतं, आणि आई हो म्हणाली होती. हे यमुताईनं आता सांगितलं. टी-शर्ट मुळात दादाचा होता, हे उन्नतीनं सांगितलं नाही. तिला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

"उघडली तर काय होईल?"

"तुझं तुले परत. सारं एकदम." यमुताईनं तिच्याकडे पाहिलं. "आणि नीट ऐक, उन्नू. एकदा उघडलं की त्या दुखण्याले पुन्हा गाठ धरत नाही. मी बांधो का तू बांध. उमर आहे तोवर वागवा लागन."

"आणि जळली तर?"

"मंग सुटली तू. मागं पाहायचं काम नाही." अडकित्ता पुन्हा हातात घेत ती म्हणाली, "उद्या बडग्या उठायच्या आत ठरव. ठेवायची असन तं मी अडवत नाही. पण माझं ऐकशीन तं टाक त्यात. सोळा वर्षांची पोट्टी तू. काहून जन्मभराचं ओझं घेतं?"

"मले घ्यावंसं नाही वाटून राहिलं."

"मंग टाक ना बाप्पा."

"टाकावंसं पण नाही वाटून राहिलं."

यमुताईनं अडकित्ता ताटलीत ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी चाचपलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आपल्या हातून काही चुकलं की काय असं आलं.

दुकानावरच्या घरात यंदा सण नव्हता. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात वर्षभर पुरण शिजत नाही. शेजारून एकदोघींनी ताट आणून दिलं होतं, ते ओट्यावर झाकून ठेवलेलं होतं. उन्नती वर आली तेव्हा तिची आई, पुष्पलता, जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात चालूच होते. उन्नती फ्रिजला टेकून मोबाइल बघायला लागली.

"तिथं उभी राहते तं तोच दिसते," आई म्हणाली.

"काय?"

"तो असाच उभा राहे. जायच्या आधीचे चार दिवस. दाढ दुखत होती ना त्याची. फ्रिजच्या दाराले गाल लावून उभा राहे, गार लागते म्हणून. लवंगेची बरणी खिशात घेऊन फिरला पोट्टा. म्हटलं डॉक्टरकडे चाल, तं म्हणे, थोडीशीच दुखते वं आई, ती मशीन पाहूनच मरन मी." आई हसली, आणि हसता हसताच तिनं पदरानं डोळे पुसले. "आठवते का तुले?"

"हाव, आठवते," उन्नती म्हणाली.

खरंच आठवत होतं. फ्रिज, गाल, लवंग, सगळं. हजेरी घेताना 'प्रेझेंट' म्हणावं तशा आवाजात ती ते बोलली, आणि तिचा तो आवाज तिच्या स्वतःच्या कानांवर पडला. आई तिच्याकडे बघत राहिली. मग ती उठली, ओट्यापाशी गेली आणि गॅसची शेगडी पुसायला लागली. शेगडी पुसलेलीच होती.

उन्नतीनं मोबाइल खाली ठेवला.

"आई, तू काहून नाही बांधून घेतली?"

आईचा हात थांबला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. बडग्याच्या पोटात गाठी भरायला पोरीला पाठवताना हे कधीतरी होणार हे तिला माहीत असणारच.

"ताईनं सांगतलं तुले?"

"गाठ सापडली. तुझी नव्हती त्यात."

"मी बांधली असती तं त्याच्यासाठी रडायला कोण राहिलं असतं?" आई म्हणाली. "तुहे बाबा तं बोलतच नाहीत. दुकानात बसून राहतात, गिऱ्हाईक आलं तरी यांले दिसत नाही. मले वाटलं, तू तरी नीट राह्य. तू खाल्लं-प्याल्लं तं माझ्या जिवाले बरं वाटन."

"वाटलं का?"

आईनं फडकं झटकलं आणि खिळ्याला अडकवलं.

"जेवून घे," ती म्हणाली. "शेजारची पुरणपोळी आहे. आपण करत नाही, खाल्ली तं चालते."

उन्नतीनं पुरणपोळी खाल्ली. छान झाली होती. आई समोर बसून ती खाताना बघत होती, आणि उन्नतीच्या लक्षात आलं की आई महिन्याभरापासून अशीच बघते. रेल्वे स्टेशनवर गाडी उशिरा आहे म्हटल्यावर माणूस रुळांकडे बघतो तशी. तिला वाईट वाटलं नाही. पण ती ढ नव्हती. या घरात दादाबद्दल बोलायला आईला कुणीच उरलं नव्हतं, आणि ज्या पोरीला तिनं वाचवलं तिच्याशीच तिला बोलता येत नव्हतं, एवढं तिला समजलं. गणित सुटावं तसं समजलं. उत्तर बरोबर होतं, आणि उत्तराला काही चव नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही. ढोल वाजत होते, हातगाड्या भिंतीला लावून त्यावर पोरं चढली होती, आणि लांबून, मोठ्या रस्त्यावरून, हजार लोकांनी एका आवाजात 'घेऊन जा' म्हटलेलं ऐकू येत होतं. कुणी खोकला घेऊन जा म्हणत होतं, कुणी पेपरफुटी घेऊन जा म्हणत होतं, एक म्हातारा एकटाच 'डास घेऊन जा' म्हणून ओरडत होता. खाली बडग्या उभा राहिला. पुठ्ठ्याचा गॉगल, हातात खोक्याएवढा मोबाइल, आणि पोट, चंपतरावांनी कितीही म्हटलं तरी, सुटलेलंच.

उन्नती वर गॅलरीत उभी होती. गाठ मुठीत होती.

यमुताई खाली दाराशी उभी होती. तिनं वर पाहिलं आणि मानेनंच विचारलं. बडग्याच्या पोटाची एक शिवण चंपतरावांनी तिच्या सांगण्यावरून उघडी ठेवली होती. वरून टाकलं असतं तरी यमुताईनं झेललं असतं.

उन्नती गाठीकडे बघत राहिली. ठेवावी असं वाटत नव्हतं, टाकावी असंही वाटत नव्हतं. वाट पाहून उपयोग नव्हता. वाटणंच तर या गाठीत होतं. आत स्वयंपाकघरात आई एकटी होती. मिरवणूक बघायला ती बाहेर आली नव्हती. एवढं कारण उन्नतीला पुरलं, कारण दुसरं तिच्याजवळ नव्हतं.

ती गाठ सोडवायला लागली. यमुताईची गाठ नखांनी सुटत नाही. उन्नतीनं कापड तोंडात घेतलं, डाव्या दाढांमध्ये धरलं आणि ओढलं. पहिल्यांदा नुसता धागा तुटला. तिनं पुन्हा पकडलं, मान वाकडी करून जोर लावला, आणि गाठ सैल झाली.

खाली यमुताईनं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मग तिनं चंपतरावांना हातानं खूण केली आणि बडग्या उठला.

उन्नतीच्या हातात करड्या कापडाचा चुरगळलेला पट्टा होता. काही झालं नाही. ढोल वाजत होते. ती वाट पाहत राहिली. कदाचित इतके दिवस बंद राहून ते सुकून गेलं असेल, असं तिला वाटलं.

मग खालच्या डाव्या दाढेतून एक कळ निघाली.

गाठ सोडवताना दाढेला लागलं असणार. तिनं जीभ फिरवली. दाढ जागच्या जागी होती, गुळगुळीत, कुठं टवका नाही. पण कळ थांबली नाही. दाढेतून कानात, कानातून डोळ्याच्या मागे, तिथून थेट टाळूपर्यंत. अरे बाप्पा, ही काय पद्धत झाली दुखायची! डोळ्यांत पाणी आलं तिच्या. गॅलरीतलं ऊन, ढोल, गर्दी, काही सोसेना. ती गाल धरून आत गेली. कुठं जायचं हे तिनं ठरवलं नाही. काहीतरी गार हवं होतं. स्वयंपाकघरात शिरून तिनं फ्रिजच्या दाराला गाल लावला आणि डोळे मिटून उभी राहिली.

मागे ताट पडल्याचा आवाज झाला.

"उन्नती," आई म्हणाली. नुसतं नावच.

"दाढ दुखून राहिली, आई."

"कोणती?"

"खालची. डावी."

आई जवळ आली, उन्नतीचा चेहरा तिनं दोन्ही हातांत धरला, आणि तोंड उघडायला लावून आत पाहिलं. लहानपणी बघायची तसं, खिडकीकडे वळवून. चांगली, पांढरी, न किडलेली दाढ होती.

"तुझी नाही ही," आई म्हणाली. आवाज इतका हळू होता की ढोलांच्या वरून उन्नतीला तो ओठांवरूनच कळला.

"टी-शर्ट त्याचा होता."

"हाव." आई तशीच तिचा चेहरा धरून होती. "ताईनं विचारलं होतं मले, एकटीचंच ना म्हणून. तू दुसरं काही अंगाले लागू देत नव्हती, मी कोणतं कापड देऊ? हो म्हणून देलं. म्हटलं, मेलेल्या लेकराचं आता काय दुखत असन."

दाढ ठणकत होती. नाडीबरोबर, थांबून थांबून, जिवंत असल्यासारखी.

"लई दुखते का वं?" आईनं विचारलं.

"लई," उन्नती म्हणाली. "डोक्यापर्यंत जाते. आई, हे सोसत नाही. याच्यात झोप कशी येत असन? त्याले चार दिवस असं होत होतं?"

"मले म्हणे, थोडीशी."

आई हे बोलली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

थोडीशी. चार दिवस या असल्या ठणक्यात फ्रिजला गाल लावून उभा होता तो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चिडवत होता. उन्नतीच्या वेणीला मागून टिचकी मारून गेला होता. तिनं त्याला गाढव म्हटलं होतं, आणि तो लवंग चावत हसला होता. ते हसणं तिला दिसलं. कालही दिसलं असतं, पण काल ते नुसतं हसणं होतं. आज त्याच्या मागची दाढ तिच्या तोंडात होती, आणि त्या दाढेच्या पाठोपाठ तो सगळाच्या सगळा आला. त्याचे वाकडे पाय, त्याचा फुटका आवाज, बाइकची चावी बोटावर फिरवत जिना उतरणं, आणि नंतर दारात उभे राहिलेले चार अनोळखी लोक, ज्यांच्यापैकी कुणालाच बोलायला सुरुवात करता येत नव्हती.

"दादा," उन्नती म्हणाली, आणि ती फ्रिजच्या दारावरून खाली घसरली.

आईनं तिला धरलं. दोघी फ्रिजसमोर फरशीवर बसल्या, सांडलेल्या भातात. उन्नती ओरडून रडली. जून महिन्यात रडली नव्हती इतकं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं, पण शेजारचे सगळे मिरवणुकीत होते. तिला फार दुखत होतं. दाढ दुखत होती, छाती दुखत होती, आणि आईच्या खांद्याचं हाड तिच्या कपाळाला टोचत होतं, ते पण कळत होतं. आई रडत होती आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत काहीबाही सांगत होती. तो एकदा दुकानातल्या परातीत बसून जिन्यावरून घसरला होता, आठवते का. दोघांनी मिळून खापर मांजरीवर फोडलं होतं, आठवते का.

"आपल्या घरी मांजर कधी होती वं?" उन्नती हुंदक्यातूनच म्हणाली. "शेजारची होती. तिले खाऊ घालून आणली होती त्यानं, पुरावा म्हणून."

आई हसली. हसू आलं म्हणून तिला आणखी रडू आलं.

यमुताई जिना चढून वर आली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. उन्नतीचा गालावरचा हात तिनं पाहिला, पोरीच्या मुठीतून लोंबणारा करडा पट्टा पाहिला, आणि कुणी काही सांगायच्या आत तिला समजलं. तिची बोटं आपोआप पुढे झाली, चाचपायला. मग तिनं ती पदरात गुंडाळून घेतली.

"पुष्पा, एकटीचं नव्हतं वं ते कापड," ती म्हणाली. "आता जन्मभर जाणार नाही हे पोट्टीचं. डॉक्टरले दाखवून उपयोग नाही, मी काही करू शकत नाही."

"नको करू," उन्नती म्हणाली.

"आत्ता म्हणून राहिली. रात्री उठून बसशीन तवा कळन."

"मंग आई उठन माझ्यासंगं."

यमुताई दारातच खाली बसली. खालून बडग्या गल्लीच्या तोंडाशी पोहोचला असावा. आवाज मोठ्या रस्त्याच्या आवाजात मिसळला आणि लांब जायला लागला. बाकी सगळ्यांचं सगळं घेऊन चालला होता तो. दमा, खडे, सुनेचं बोलणं.

आई उठली. फडताळातल्या वरच्या कप्प्यात मागे सरकवून ठेवलेली एक लहान बरणी तिनं काढली. जूनपासून त्या बरणीचं झाकण कुणी उघडलं नव्हतं, घट्ट बसलं होतं, तिला पदर लावून ते फिरवावं लागलं. झाकण निघालं आणि स्वयंपाकघरात वास पसरला. उन्नतीनं डोळे मिटले.

"तोंड उघड," आई म्हणाली.

तिनं लवंग उन्नतीच्या डाव्या दाढेखाली नीट बसवली. "चावू नको. धरून ठेव फक्त. तो कचाकचा चावे, म्हणून बरणी पुरत नव्हती."

उन्नतीनं मान हलवली.

आईनं बरणीत पाहिलं. मग आणखी एक लवंग काढली आणि स्वतःच्या डाव्या दाढेखाली धरली. तिची दाढ दुखत नव्हती.